आप्पांचं खाकरणं

तुमचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर मी आजवर हसायला म्हणून वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. मी टिळकवाडीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. मागून येणारे पैंजण, पिंपळाखालचा पांढरा माणूस असलं काही वर्गात कुणी काढलं की त्याची मी चांगली बिनपाण्याने करते. त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही... पण हे दिवसाउजेडी घडलं, आम्ही तिघं हजर होतो, आणि मला त्याची भीती वाटत नाही, संताप येतो.

आम्ही मूळचे निपाणीचे. जैन, तंबाखूचे व्यापारी. वडिलांना आप्पा म्हणायचो. आमच्याकडच्या जुन्या घरांत पुरुषमाणूस उंबऱ्याशी खाकरून मगच आत यायचा — आतल्या बायकांनी पदर सावरावा म्हणून. बाकीच्यांकडे ही पद्धत केव्हाच गेली, आप्पांनी शेवटपर्यंत चालवली. दोनदा तुटक खाकरायचे आणि मग नाकातून एक लांब ‘हंऽऽ’. तो आवाज आला की आई उठून उभी. पदर डोक्यावर, टीव्ही बंद, बोलणं बंद. मग ते आत येऊन म्हणायचे, “ऊन उतरलं. जेवण आटपून घ्या.” सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा आमचा धर्मच, पण आप्पांच्या तोंडी तो हुकूम वाटायचा. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही. गरजच पडली नाही.

आप्पा गेल्यावर आईला मी इथे आणलं, आमच्याच अपार्टमेंटमधल्या खालच्या फ्लॅटमध्ये. आणि काय सांगू, म्हातारी फुलली! सोफ्यावर पाय वर घेऊन भडंग खात सिरियल बघायची, मराठी आणि कन्नड दोन्ही. शेजारणीबरोबर रिक्षा करून शहापूरच्या पेठेत जायची, दुकानदाराला ढीगभर साड्या उलगडायला लावायची आणि एकही न घेता परत यायची. तिचं हसणं एवढं मोठं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

हे सुख अण्णाला बघवलं नाही. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने आईसाठी एक रोबो पाठवला. कुंडीएवढा, पांढरा, तोंडाच्या जागी काच आणि तीत दोन गोल डोळे — आपण जाऊ तिकडे वळणारे.

“एकटी असती गं ती दिवसभर,” अण्णा फोनवर म्हणाला. “ह्ये माणसाचं मन वळखतंय. आवाजावरनं, चेहऱ्यावरनं.”

“तुला आठवड्याला एक फोन करायला होत न्हाय, म्हणून मन वळखणारं मशीन पाठवलंस व्हय?” मी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

मला त्या वस्तूचा पहिल्या दिवसापासून तिटकारा होता. “आज तुमचा आवाज थकलेला वाटतो,” असं बातम्या देणाऱ्या बाईच्या गोड आवाजात म्हणायची. मेली, तुला काय करायचंय? आई मात्र तिला ‘पाहुणा’ म्हणायची आणि बोलायचीही.

काही महिन्यांनी आई बदलली. शहापूर बंद झालं. “गुडघा दुखतोय,” म्हणाली. टीव्ही बंद. सोफा सोडून स्टुलावर बसायला लागली, अंग चोरून. मी डॉक्टरांकडे नेलं. बीपी ठीक, शुगर ठीक.

मग एका रविवारी अण्णा आला. आम्ही तिघं आईच्या हॉलमध्ये बसलो होतो. दाराला आतून कडी होती. संध्याकाळ व्हायची होती, खिडकीतून ऊन येत होतं. आणि कोपऱ्यातून आवाज आला... दोनदा तुटक खाकरणं, मग नाकातून लांब ‘हंऽऽ’.

आई उठून उभी राहिली, पदर डोक्यावर. मी सोफ्यावरचे पाय खाली घेतले. पन्नाशीचा अण्णा मोबाइल खिशात घालून ताठ उभा राहिला. तिघंही दाराकडे बघत होतो. त्या यंत्राचे डोळे आईकडे वळले आणि तोच गोड बायकी आवाज म्हणाला, “ऊन उतरलं. जेवण आटपून घ्या.”

“रोज असंच करतंय,” आई हळू म्हणाली. “तुम्हास्नी सांगून काय करू? हसला असता.”

अण्णा उभ्या उभ्याच समजावायला लागला. हे यंत्र वेगवेगळे आवाज करून बघतं, ज्या आवाजाला माणूस लगेच प्रतिसाद देतं तो धरून ठेवतं, वगैरे.

“मग नेमका ह्योच कुठनं आणला?” मी विचारलं.

आप्पांना कॅमेरा, टेप सगळ्याचाच राग. त्यांचा आवाज ना कुठल्या कॅसेटमध्ये आहे, ना कुणाच्या फोनवर. त्यांची नक्कल करायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. जेवणाचं ते वाक्य एक वेळ आईच्या बोलण्यातून उचललं असेल, पण खाकरणं?

मी ते धूड उचललं आणि गॅलरीकडे निघाले. खाली फेकणार होते.

“खाली ठेव गं त्येला,” आई म्हणाली. “माझ्याम्होरं ठेव.”

मी ठेवलं. आईने डोक्यावरचा पदर काढला. सोफ्यावर बसली, पाय वर घेतले आणि त्या काचेकडे बघत बोलायला लागली.

“माझी आई गेली, तवा सांगावा आलता. तुम्ही म्हणालात, आज तंबाखूचं बोद गाडीत भरायचं हाईत, गडी जेवायला हाईत, उद्या जा. उद्या गेले मी. राख बघून आले. आल्यावर तुम्ही एका शब्दानं इचारलं न्हाईसा.”

ही गोष्ट आम्हा दोघांना कधीच माहीत नव्हती. अण्णा खाली बसला.

यंत्राचे डोळे आईवरून हलले नाहीत. एरवी आईने नुसता सुस्कारा सोडला तरी “तुम्हाला वाईट वाटतंय का?” म्हणणारं ते... नुसतं खाकरलं.

“जेवण आटपून घ्या.”

“न्हाय जेवणार,” आई म्हणाली. “ही माझी भूक हाय.”

आणि ती तिथेच बसून राहिली. ऊन भिंतीवरून सरकलं, गेलं. अंधार पडल्यावर आमच्याकडे अन्नाला शिवत नाहीत, म्हणजे ती रात्रभर उपाशी. पण चेहरा असा, की मला पुढे होऊन बोलायचा धीर झाला नाही. ते यंत्र पुन्हा खाकरलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा ते घेऊन गेला. बनवणाऱ्यांनी उघडून बघितलं, असा आवाज त्यात कुठेच नाही म्हणाले. माणसाचं मन ओळखणारी वस्तू म्हणून आणली, आणि तिला माझ्या आईच्या मनात नेमका तो एकच माणूस सापडावा, याचा राग मात्र आहे आणि राहील.

परवा भाजी निवडताना मी आईला विचारलंच, “खरंच आप्पा हुते का गं ते?”

“कुणी का असंना,” ती म्हणाली. “मी बोलले.”