तीन किलोची आजी

या, अशा जवळ येऊन बसा. दारातूनच "बऱ्या आहात ना?" विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत पायात चप्पल, ही कसली हो विचारपूस? बसा, पंख्याचा वारा इथंच लागतो. तुम्हाला माझ्या दिरांच्या नातीबद्दल सांगायचंय. मोजल्याशिवाय जिनं एक पाऊलही टाकलं नाही, अशी मुलगी अख्ख्या कोलकात्यात ती एकच.

तिच्या वडिलांची बँकेतली बदली रायपूरला झाली आणि पोरीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष इथं उरलं, म्हणून ती बालीगंजला माझ्याकडे राहायला आली. कपड्यांची एक बॅग, आणि मोटरी, तारा, गिअर यांच्या तीन. आठवडाभरात माझ्या देवघरात उदबत्तीऐवजी सोल्डरिंगचा वास दरवळू लागला. तिनं वरणाच्या पातेल्याचा व्यास घेतला, माझं घोरणं फोनवर मोजलं. "आजी, तुझी पोळी एकशे ऐंशी मिलिमीटरची होते, कधी चुकत नाही," असं तिनं कौतुकानं सांगितलं आणि त्या दिवसापासून मला पोळी लाटताना परीक्षेला बसल्यासारखं वाटू लागलं. सगळ्यात मोठा छळ त्या तानकाट्याचा. रोज सकाळी चहाआधी तो स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला अडकवायची आणि म्हणायची, "उजव्या हातानं ओढ. दुखलं की थांब." माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला तो सुटलाच नाही. काटा तीन किलोवर थबकायचा, ती वहीत लिहायची. "अगं, रोज तीनच येतंय, मग रोज कशाला?" मी वैतागायची. "धुत्, आजी! एका दिवसावरून काही सिद्ध होतं का?"

तिच्या प्रकल्पाचं नाव होतं 'ज्येष्ठस्नेही स्वयंचलित ऊर्ध्ववहन प्रणाली'. म्हणजे काय, तर गॅलरीतून आपण दोरीला पिशवी बांधून खाली सोडतो आणि भाजीवाला तीत भाजी घालतो ना, ती दोरी मोटरनं ओढायची! गटात चौघं. एकानं स्लाइड केल्या, दुसऱ्यानं फोटो काढले, तिसऱ्यानं सगळ्यांचं मनोधैर्य टिकवलं. यंत्र हिनं केलं. अहवाल ऐंशी पानांचा, त्यातली पहिली वीस चाकाच्या शोधावर. मार्गदर्शक सरांनी तो वजन करून पाहिल्यासारखा हातात धरला आणि म्हणाले, "छान. पण यात एआय कुठंय?" मग पिशवीवर नजर ठेवणारा कॅमेरा आला. त्यानं पहिल्याच दिवशी दुधी भोपळ्याला तान्हं बाळ ठरवलं आणि बाळाच्या सुरक्षेसाठी मोटर बंद केली. सर म्हणाले, "वा, संवेदनशील आहे!"

आणि परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा उमगलं, की परीक्षा कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तीन मजले चढणारं यंत्र, आणि पिशवी सोडायला खाली जागाच नाही! शिवाय यंत्र अडकवायच्या पट्ट्या माझ्याच जुन्या कठड्याच्या मापाच्या, दुसरीकडे कुठं बसतच नव्हत्या. पातेली मोजणाऱ्या पोरीचं तेवढंच मोजायचं राहिलं होतं. पुण्याची नोकरी पक्की होती, पण पास झाली तर. दुसऱ्या दिवशी तानकाटासुद्धा कडीला लागला नाही. मला चक्क चुकल्यासारखं झालं. मी म्हटलं, "परीक्षकांना इकडे बोलव. चहा मी टाकते." सरांनी पाच अर्ज लिहून घेतले, सहावा हरवला, आणि मंडळी आली.

बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई, सर आणि चौघं मुलं, एवढे सगळे माझ्या गॅलरीत. खालून भाजीवाल्यानं नेहमीची आरोळी दिली, "मासिमा, थोले नामान!" म्हणजे मावशी, पिशवी सोडा. पिशवी सुळकन खाली गेली. त्यानं पाच किलो बटाटे भरले, आणि पोरीची परीक्षा म्हणून प्रेमानं वर एक दुधी ठेवला. झालं! दुसऱ्या मजल्यापाशी कॅमेऱ्याला बाळ दिसलं. मोटर थांबली, पिशवी लोंबकळत राहिली. स्लाइडवाल्यानं घाईनं 'भविष्यातील संधी' उघडली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "आता या आजींनी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

पोरीनं शांतपणे यंत्राच्या कुशीतून एक दुमडलेला दांडा बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "आजी, उजव्या हातानं फिरव. दुखलं की थांब."

मी फिरवला. दुखलं नाही. बटाटे, दुधी, सगळं हळूहळू कठड्यापर्यंत आलं आणि मी कुठंच थांबले नाही. बाईंनी विचारलं, "हे गिअर कशावरून ठरवलं?" तिनं वही पुढं केली. आठ महिन्यांच्या सकाळी, एकाखाली एक: तीन, तीन, तीन. बाई ती पानं बराच वेळ उलटत बसल्या. ऐंशी पानांचा अहवाल चहाच्या कपाखाली राहिला.

आता ती पुण्यात आहे. कॅमेरा मी काढून ठेवलाय, मोटरही क्वचितच लावते. दर रविवारी तिचा फोन येतो, "आजी, काटा?" मी कडीला लावते, ओढते, सांगते. गेले तीन रविवार दोनच भरतात. मी तीनच सांगते. तिकडे काम सोडून नवं गिअर करत बसेल बाई.

तेव्हा तिला काही बोलू नका. आणि लवकर या परत. जिने चढायच्या आधी खालून हाक मारा, हातातलं सामान पिशवीत ठेवा. तेवढं अजून मी ओढते.