दोन्हीकडचा होकार

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला वर्गात शिकवत होते. जळगावला पोहोचले तेव्हा दादाला अंगणात ठेवलं होतं. झोपेतच गेला.

दादा संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. जळगावचं एक रुग्णालय आणि धुळ्याची एक रक्तपेढी, दोघांची नोंदी ठेवायची व्यवस्था वेगळी. त्या दोन्ही त्याने जोडून दिल्या होत्या. रुग्णालयाने रक्त मागितलं की इकडे रुग्णालयात ‘राखून ठेवलं’ अशी नोंद व्हायची आणि तिकडे रक्तपेढीत ती पिशवी अडवली जायची. एकदा मध्येच इंटरनेटची लाइन तुटली. इकडची नोंद झाली, तिकडची झालीच नाही. धरणगावची एक सून त्या रुग्णालयात नुकतीच बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता, रक्तगट दुर्मीळ. रक्त राखलेलं आहे म्हणून कोणी दुसरीकडे शोधलं नाही. रक्त आणायला निघालेली गाडी धुळ्याला पोहोचेपर्यंत पिशवी दुसऱ्या रुग्णाला गेली होती. बाई वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं.

सगळ्यांनी लाइनला दोष दिला. दादा म्हणायचा, लाइन तर तुटणारच. एकीकडचं फसलं की दुसरीकडची नोंद आपोआप मागे घेतली जायला हवी होती, ते मी लिहिलंच नाही. घरात तो कुणाच्या नजरेला नजर देईना. शेवटी मला सोबत घेऊन धरणगावला गेला. तिच्या सासऱ्यांपुढे उभा राहून म्हणाला, “आबा, चूक माझी आहे.”

आबांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “माले नको सांगू, भाऊ. तिले सांग.”

ती खाटेवर बाळाला घेऊन बसली होती. दादाने मान खाली घालूनच सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की आता दुसऱ्या कुणा बाईवर अशी वेळ येणार नाही ना? परतीच्या वाटेवर तो गाडीच्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याची ती पाठ मला अजून दिसते.

त्यानंतर त्याने तो प्रोग्राम नव्याने लिहिला. दोन्हीकडून होकार आल्याशिवाय कुणालाच ‘राखलं’ दिसत नाही; एकीकडे अडलं तर दुसरीकडची नोंद रद्द होते आणि पडद्यावर फोन करण्यासाठी दादाचा नंबर येतो. चांगलं काम झालं असं कुणी म्हटलं, की तो उठून आत जायचा.

तो नंबर अजून बदललेला नाही. गेल्या आठवड्यात मी जळगावला दादाच्या घरी असताना त्याचा फोन वाजला. वहिनीने उचलला; रुग्णालयातून होता. दादा नाही हे तिने सांगितलं नाही. म्हणाली, “थांबा. धुळ्याला विचारते, मगच सांगते.”