जो ओरडत नाही, त्याच्याकडे आधी

"स्प्लीन फाटली आहे. पोटात रक्त साठतंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला वाटलं ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. पाय माझा मोडला होता. तासभर बोंब मी मारत होतो. अनिता, माझ्या धाकट्या भावाची बायको, तर हिंगोलीच्या त्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

स्प्लीन म्हणजे प्लीहा. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. जोराचा मार बसला की फाटते, आणि वरून कधीकधी ओरखडाही दिसत नाही. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी स्वतःच्या पायापलीकडे काही पाहत नव्हतो.

गोरेगावात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. अनिता साखऱ्याला नातेवाइकांकडे बारशाच्या मदतीला गेली होती. भाऊ बालाजी शेतात अडकला, म्हणून तिला आणायला मी गेलो. येताना जीपपुढे रोही, म्हणजे नीलगाय, आडवं आलं. ड्रायव्हरने वाचवायला म्हणून गाडी वळवली आणि ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली. ड्रायव्हरला खरचटलं. माझ्या नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं.

आता घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे भावजय भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि बाजूला होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण अनिताचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. हा माझा मान आहे असं मी समजायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचंही.

जमलेल्या लोकांनी तिला विचारलं, "बाई, तुमाला लागलं का?" तिने नुसती मान हलवली. उलट चिखलातून माझी चप्पल शोधून आणली. दुसऱ्या गाडीतून आम्ही हिंगोलीला निघालो. वाटेत तिने खुणेनेच पाणी मागितलं, दोनदा. मी म्हटलं, उन्हाचं असेल.

दवाखान्यात रुबीना सिस्टर होत्या. त्यांनी माझ्या पायावर गच्च पट्टी दाबून बांधली, पायाची बोटं हलवायला लावली आणि मला सोडून बाकावर बसलेल्या अनिताकडे गेल्या. माझा पारा चढला. "अहो बाई, हाड बाहेर आलंय हितं! तिला काय धाड भरलीय?"

"तुमी ओरडून राहिलात ना भाऊ, म्हंजे श्वास बराबर चालू हाय," त्या मागे न पाहता म्हणाल्या.

त्यांनी अनिताच्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लाल व्हायला वेळ लागला. कपाळाला हात लावला, तर घाम थंडगार. "कुठं दुखतंय?" अनिताने पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती नजर सिस्टरनी बरोबर पकडली.

"ह्यांची ट्रॉली भाईर घ्या."

"मी घरातला मोठा माणूस हाय!"

"म्हणूनच."

मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ट्रॉली जेमतेम पडद्याबाहेर गेली आणि आतून अनिताचा आवाज आला. "डावा खांदा लई दुखून राहिला. पोट ताठलंय. डोळ्यांपुढं अंधारी येती."

खांद्याला काहीच लागलं नव्हतं. पोटात सांडलेलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, हे मला नंतर कळलं. पल्स, म्हणजे नाडी, धावत होती आणि बीपी खाली चाललं होतं. याला ते लोक शॉक म्हणतात. शॉक म्हणजे घाबरणं नव्हे. शरीराला पुरेल इतकं रक्तच पोहोचत नाही. सिस्टरनी ऑक्सिजन लावला, दोन्ही हातांत जाड सुया घातल्या, अंगावर ब्लँकेट टाकलं, पाणी द्यायची मनाई केली आणि डॉक्टरांना बोलावलं. सोनोग्राफी झाली आणि मग वर लिहिलं ते वाक्य मी ऐकलं.

त्यानंतर मी ओरडलो नाही. पाय दुखतच होता, पण मला लाज वाटत होती.

प्लीहा काढावी लागली. बालाजी धावत आला, त्याने रक्त दिलं. माझ्या पायात दुसऱ्या दिवशी सळई घातली. पुढे चार दिवस मी चाकाच्या खुर्चीत आयसीयूच्या काचेबाहेर बसून होतो. आत सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीतलं माप पाहायच्या, नाडी बघायच्या, ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायच्या, नाव विचारायच्या. शुद्ध आहे ना, हे पाहण्यासाठी. तिसऱ्या दिवशी तिने नाव सांगून वर "किती डाव सांगू?" असं विचारलं, तेव्हा काचेतून मला सिस्टर हसताना दिसल्या आणि मी रडलो.

रुबीना सिस्टरची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी श्वास, मग रक्त, मग शुद्ध. हाड थोडं थांबू शकतं. जो ओरडत न्हाई त्याच्याकडं आधी जायचं. आन् बायांना दोनदा विचारायचं. एकदा माणसांसमोर, एकदा माणसं हाकलून."

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर सिस्टर तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे गेली म्हणून माझ्यासारखं डोकं फिरवून घेऊ नका. गाडीत गप्प बसलेलं माणूस कोण आहे ते बघा आणि दवाखान्यात शिरताच त्याचं नाव आधी घ्या. त्या बाईचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही, निदान एवढं तरी सांगत राहीन.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. प्लीहा नसली की साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. व्हॅक्सिन, म्हणजे रोगप्रतिबंधक लस, वेळेवर घ्यायची. ताप आला तर त्याच घडीला दवाखाना. लपवायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

मी घरात सगळ्यांदेखत म्हणालो, "अनिता, आजपासून माझ्याशी बोलायचं." तिने पदर पुढे ओढला. मला वाटलं होतं, रीत मीच पाळून घेतली, मीच मोडीन. तशी ती मोडत नसते. तिचा निरोप पुढेही माझ्या बायकोकडूनच यायचा. मला धास्ती बसली. एखाद्या दुपारी घरात कुणी नसेल, आणि बालाजी शेतातून येईपर्यंत ही अंगातला ताप घेऊन पडून राहील.

पाच महिन्यांनी ती दुपार आली. बालाजीचा फोन लागत नव्हता, माझी बायको परगावी होती. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. अनिता पायरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. माझ्याकडे सरळ पाहत ती चारचौघांत म्हणाली, "दादा, ताप आलाय. आत्ताच न्यावं लागतंय."

गिऱ्हाइकांना तसंच सोडून मी गाडी काढली. दोन दिवस सलाइन चाललं, ताप उतरला. "वेळेत आणलंत," डॉक्टर मला म्हणाले.

मी म्हणालो, "मी न्हाई आणलं साहेब. ती आली."