अकरा पटले आणि एक झुराविक

लोको शेडमध्ये इंजिनाची राख रोज काढत. रोज काढली तरी संध्याकाळी पुन्हा ढीग तयारच! किस्स्यांचंही तसंच होतं. कोणी मुद्दाम साठवत नव्हतं. सुटीच्या वेळी आम्ही गोल करून बसायचो, एखादा बोलायला लागायचा, आणि ढीग वाढायचा.

मी त्या घोळक्यात कमी बोलायचो. त्यामुळे माझ्याकडे ऐकलेलं जास्त राहिलं. त्यातलं हे झुराविक मिस्त्रींचं.

*

गोंदियाच्या शेडमध्ये तेव्हा अकरा पटले होते. मस्टर बाबू "पटले!" म्हणून हाक मारायचा आणि अकरा तोंडांतून "हजर!" यायचं. शेवटी वैतागून बाबूने सगळ्यांना पदव्या दिल्या. लंबा पटले, तंबाखू पटले, दोन बायकांचा पटले. मी चुप पटले. मी "हजर" म्हणेपर्यंत बाबू पुढच्या पानावर गेलेला असायचा!

दुसरी लढाई लागायच्या काही वर्षं आधी कलकत्त्याकडून एक नवा बॉयलर मिस्त्री आला. उंच, टाच न टेकवता चालणारा, लाल मानेचा गोरा. इंग्रज नव्हता. त्याचा मुलूख पोलंड. पहिल्या लढाईनंतर जहाजावर नोकरी करत करत कलकत्त्याला उतरला आणि इकडचाच झाला. बायको नाही, मूल नाही. आडनाव झुराविक.

पहिल्या दिवशी त्याने मस्टरची हजेरी ऐकली आणि हातातला पाना खाली ठेवला.

"अकरा?" तो हिंदीत म्हणाला. "सब भाई?"

"नाही साहेब," लंबा म्हणाला. "एका कुराचे. कुर म्हणजे कुळ."

"एकूण किती आहेत तुम्ही?"

"कोण मोजते जी! या गावात ढेला फेकला तर पटलेलेच लागते."

 झुराविक मिस्त्री बोटांवर मोजून म्हणाला, "माझ्या गावात झुराविकांची चार घरं. शेजारच्या गावात एक. संपलं. पूर्ण दुनियेत पाच."

तंबाखू पटलेने त्याच्यासमोर चुन्याची डबी धरली. "घ्या साहेब. एवढ्या कमी लोकांत तुम्हाले पाहाले भेटलं, हे आमचं नशीबच म्हणायचं!"

*

रविवारी मिस्त्री सायकलने फुलचूरला यायचा. तिथे आमची धानाची शेती. आधी वाटलं, शिकारीला येतो. पण बंदूक नसायची. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून नुसता धानाच्या बांधीत पाहायचा.

माझी माय फटकळ. तिने एकदा विचारलंच, "काऊन जी साहेब, आमचं धान चोराले आला का?"

त्याने बोट दाखवलं. बांधीच्या मधोमध सारसाच्या जोडीने गवताचा ढीग घालून घरटं केलं होतं. मादी अंड्यांवर बसून राहिली होती, नर पहाऱ्याला.

"माझं नाव," तो म्हणाला.

मग त्याने ते आडनाव कुठून आलं ते सांगितलं. त्याच्या आजोबाच्या आजोबाच्या शेतात दलदल होती. तिथे अशाच पक्ष्याने घरटं केलं. कापणी आली तेव्हा त्या माणसाने घरट्याभोवतीचं गवत कापायला नकार दिला. मालगुजाराने त्याला चाबकाने फोडून काढलं. गावाने चिडवायला नाव पाडलं, झुराविक. म्हणजे सारसाचं पिल्लू. चिडवणारे मेले, नाव राहिलं.

माय सगळं ऐकून म्हणाली, "बाप्पा! मालगुजार तिकडेबी हायेत?"

मग म्हणाली, "आमच्यात तर कोणीच कापत नाही. पिल्लं चालाले लागेवर तेवढा तुकडा उभाच राहते. तुमच्या आजोबाले आमच्याकडे पाठवाचं होतं."

मिस्त्री हसला. त्या दिवशी तो चिखलात गुडघाभर उतरून धान निंदायला लागला. तण कमी आणि धान जास्त उपटलं! मायने त्याला धुऱ्यावर बसवलं आणि भाकर दिली. पण पुढच्या रविवारी त्याची भाकर तिने आधीच करून ठेवली होती.

*

लढाई लागली आणि त्याच्या मुलखातून चिठ्ठ्या येणं थांबलं. धाकटा भाऊ होता, त्याला दोन मुली. मिस्त्रीने पाठवलेल्या चिठ्ठ्या शिक्के खाऊन परत यायच्या.

पुढे कोणीतरी त्याला सांगितलं की पोलंडची माणसं आगबोटींनी हिंदुस्थानात येऊन राहिली आहेत, बायकापोरांसकट. त्या दिवसापासून मिस्त्रीने एक काम सुरू केलं. इंजिनाचा पांढरा रंग घेऊन टिनाच्या पत्र्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आपलं आडनाव लिहिलं. मेल गाडी थांबली की ड्युटीतून वेळ काढून तो पत्रा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा. कोणी वाचेल, कोणी म्हणेल, 'मी यांना ओळखतो.'

पुष्कळ जण वाचायचे. ओळखायचं कोणी नाही.

एकदा हात दुखले म्हणून त्याने पत्रा रामदीन चहावाल्याच्या ठेल्याला टेकवला. गाडीतल्या एका बाबूने खिडकीतून वाचलं आणि हुकूम दिला, "एक कप झुराविक देना!"

रामदीनने डोळ्याची पापणी लववली नाही. त्याच किटलीतला चहा, त्यात एक चमचा साखर जास्त. बाबू प्यायला आणि म्हणाला, "वाह! और एक!"

आठवड्याभरात मेल गाडीची गिऱ्हाइकं साधा चहा प्यायला तयार होईनात. रामदीन मिस्त्रीला म्हणाला, "मिस्त्री साहब, आपका खानदान बहुत चल रहा है!"

मिस्त्रीनेही एक कप मागवला. सावकाश प्यायला. म्हणाला, "मेरा भाई ऐसा ही है. थोडा ज़्यादा मीठा."

*

याच पत्र्याने पुढे मोठं संकट आणलं. फौजेची गाडी आली तेव्हा मिस्त्रीने पत्रा खांबाला बांधला होता आणि स्वतः गोऱ्या शिपायांचे चेहरे पाहत डब्याडब्याने फिरत होता.

गाडीतून एक कप्तान उतरला. हातात नकाशा. पत्रा पाहिला, नकाशा पाहिला, पुन्हा पत्रा पाहिला. मग स्टेशन मास्तरच्या खोलीत घुसून टेबलावर मूठ आपटली. झुराविक नावाचं स्टेशन त्याच्या नकाशात नव्हतं! आपली पलटण चुकीच्या लाइनवर नेली म्हणून त्याने मास्तरला कोर्टाची धमकी दिली.

मास्तर म्हणाला, "साहेब, हे गोंदिया."

"मग झुराविक कुठे आहे?"

मास्तरने खिडकीतून बोट दाखवलं. "ते तिकडे चौथ्या डब्यापाशी उभं आहे."

त्या दिवशी हुकूम निघाला, मिस्त्रीने पत्रा हातातच धरायचा. मिस्त्रीची तक्रार नव्हती. उलट खूश होता. "किसन," तो मला म्हणाला, "पाच घरांचं नाव, पण एका कप्तानाला पूर्ण गाव वाटलं!"

*

सालेकशाजवळ मालगाडी रुळावरून उतरली तेव्हा मिस्त्री, लंबा आणि मी तिकडे गेलो होतो. काम आटोपल्यावर जंगलाच्या कडेला दसरू नावाच्या म्हाताऱ्या गोंडाने आम्हाला मोहाची फुलं भाजून खायला दिली. गोंडांमध्ये नवा माणूस भेटला की त्याचे देव किती ते विचारतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. तेवढ्यावरून भाऊबंद कोण आणि सोयरे कोण ते कळतं. सारख्या देवांच्या घरात लग्न होत नाही.

दसरूने मिस्त्रीला विचारलं, "तुमचे देव किती जी?"

"एक," मिस्त्री म्हणाला.

दसरूने हातातलं फूल खाली ठेवलं. "एकच? आणि गावातल्या बाकीच्यांचे?"

"त्यांचाही तोच."

"सगळ्यांचा एकच?" दसरूला फार वाईट वाटलं. "मंग सगळे भाऊच झाले ना जी! पोरगी देणार कोण?" मग लंब्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून बिचारा असा राहिला."

परतताना लंबा हसून हसून गार्डच्या डब्यात लोळत होता. मिस्त्री मात्र विचारात पडला होता. शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर कारण सांगितलं."

*

आम्ही पटले जातीने पवार, पूर्वी राजासोबत इकडे आलेले. आमच्याकडे वंशावळ लिहिणारा भाट येतो. दर काही वर्षांनी पुसात म्हणजे पौषात, धान घरात आलं की. त्याच्याकडे कुराची पोथी असते. अंगणात बसून तो घराच्या पहिल्या पुरुषापासून नावं वाचतो, नवी जन्मलेली लिहितो. ज्याला मूलबाळ नाही त्याच्या नावाखाली आडवी रेघ ओढतो. रेघ म्हणजे वेल थांबली.

लढाई चालू असताना भाट आला तेव्हा मिस्त्री आमच्याकडेच होता. भाट माझ्या नावापर्यंत आला, माझ्या पोरीचं नाव लिहिलं, आणि मिस्त्री एकदम म्हणाला, "माझंही लिहा."

भाटाने चष्म्यावरून पाहिलं. "कुर कोनता?"

"झुराविक."

"कोनत्या राजासोबत आले?"

"मालगाडीसोबत," लंबा म्हणाला.

भाटाने पोथी मिटली. ज्या नावाचं मूळ माहीत नाही ते पोथीत चढत नाही, असा त्याचा नियम. माय भाटाला द्यायचे तांदूळ सुपात घेऊन उभी होती. तिने सूप मागे घेतलं. "मूळ मले माहीत हाय. मी सांगतो, तू लिही."

आणि तिने दलदल, पक्षी, गवत, मालगुजार, चाबूक सगळं सांगितलं. भाटाने एकवार सुपाकडे पाहिलं आणि पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. मिस्त्रीने बापाचं आणि आजोबाचं नाव दिलं. भाटाने तीही लिहिली. शेवटी विचारलं, "वेल?"

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली.

भाटाने टाक दौतीत बुडवला आणि रेघ ओढायला हात टेकवला. मिस्त्रीने त्याचं मनगट धरलं. "रुको. भाऊ आहे. त्याच्या मुली आहेत. चिठ्ठी येईल."

"आणि नाही आली तर?"

मिस्त्रीने मनगट सोडलं नाही. भाट चांगला माणूस होता. त्याने टाक पुसला. "ठीक. मी पुढच्या खेपेला येईन, तोवर रेघ थांबते. मग मात्र ओढावी लागेल. पोथी माझ्या घरची नाही."

*

लढाई संपली. चिठ्ठी आली नाही. मिस्त्री पत्रा घेऊन उभा राहायचा, पण आता गाडी सुटल्यावरही तिथेच असायचा. रामदीन त्याला न मागता कप द्यायचा.

सत्तेचाळीस साली गोरी माणसं जायला लागली. मिस्त्रीनेही आगबोटीचं तिकीट काढलं. "स्वतः जाऊन पाहतो," म्हणाला. आमच्या शेतात त्या वर्षीही सारसाची जोडी होती, दोन पिल्लं झाली होती. शेवटच्या रविवारी तो दुपारभर धुऱ्यावर बसला. कापणी झालेल्या बांधीत तेवढा तुकडा उभा होता. मायने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या.

प्लॅटफॉर्मवर आम्ही अकराही पटले होतो. मिस्त्रीने तो पत्रा रामदीनच्या ठेल्याला टेकवला आणि गाडीत चढला. मला म्हणाला, "किसन, भाट येईल. त्याला सांग, थोडं थांब."

मी हो म्हणेपर्यंत गाडी सुटली होती.

*

त्याच पुसात भाट आला.

अंगणात बसला, नावं वाचली, माझ्या नव्या मुलाचं नाव चढवलं. मग मागचं पान उघडलं. टाक दौतीत बुडवला आणि म्हणाला, "तो साहेब?"

"गेला," मी म्हणालो. "चिठ्ठी अजून..." 

भाटाने मान हलवली आणि रेघेसाठी हात टेकवला.

माय कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती. ती आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. तिने वर न पाहता म्हटलं, "रेघ कायले ओढून राहिला? वेल चालू हाय त्याची."

"पोरं आहेत?"

"दोन."

"कुठे?"

मायने सुपानेच शेतातल्या त्या उभ्या तुकड्याकडे दाखवलं. "थे काय, बापावर गेले. तसेच लंबे पाय."

भाटाने हात कपाळाला लावून शेताकडे पाहिलं.  मग चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, पोथी मांडीवर नीट घेतली आणि मिस्त्रीच्या नावाखाली दोन फांद्या काढल्या.

"दोघांचंही लिहू?" त्याने विचारलं.

"मोठ्याचं लिही," माय म्हणाली. "धाकट्याले अजून उडता येत नाही."