ज्या अर्थी आले, त्या अर्थी गेले

भोरला मी पाच रविवार विद्वान होतो. सहाव्या रविवारी ते संपलं.

लढाईचे दिवस होते. मी शाळेत दुय्यम शिक्षक होतो आणि रोज उत्रोलीहून चालत भोरला यायचो. निवृत्त झालेल्या आमच्या हेडमास्तरांनी आपल्या ओसरीवर 'पाश्चात्य गूढविद्या : प्रथम परिचय' असा वर्ग काढला. त्यात आम्ही तिघे दाखल झालो: मी, शाळेचे ड्रॉइंगमास्तर आणि कचेरीतला एक कारकून. देवऋषी, अंगारा, अंगात येणं या सगळ्याला हेडमास्तर अडाणीपणा म्हणत. त्यांचं मात्र शास्त्र होतं. पुरावा एवढाच, की पुस्तकं इंग्रजी होती आणि पुण्याहून पार्सलने आली होती. आम्हाला तो पुरेसा वाटला.

पहिल्या रविवारी ज्योतिष झालं. जन्मल्यापासून माझी रास कन्या. मास्तरांनी चंद्राला बाजूला सारून तिथे सूर्य बसवला आणि माझी तूळ केली. माझ्या स्वभावात त्यामुळे समतोल आला, असं त्यांचं म्हणणं होतं. घरी कोणाला तो दिसला नाही.

दुसऱ्या रविवारी चित्रांचे पत्ते. मूळ गड्डी अठ्ठ्याहत्तर पत्त्यांची. ड्रॉइंगमास्तरांनी वह्यांच्या पुठ्ठ्यांवर ती रंगवायला घेतली आणि बावीस झाल्यावर हात टेकले. कंदील घेतलेला त्यांचा तपस्वी थेट शेतावरच्या राखणदारासारखा दिसत होता. कारकुनाला मृत्यूचा पत्ता निघाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मास्तर म्हणाले, "घाबरू नका. या शास्त्रात मृत्यूचा अर्थ नुसता बदल." कारकून बदलीच्या आशेवर पुढचे आठ दिवस खुशीत होता.

तिसऱ्या रविवारी किमया, म्हणजे शिशाचं सोनं. शिसं वितळलं, मास्तरांच्या बाईंची कढई कामातून गेली, सोनं झालं नाही. खरं सोनं मनाचं असतं, असं मास्तरांनी सांगितलं. कढईही मनाचीच आणायची का, असं बाईंनी आतून विचारलं. चौथ्या रविवारी स्फटिकात भविष्य पाहायचं होतं. स्फटिक नव्हता, म्हणून पाणी भरलेल्या गोल बाटलीत पाहिलं. तिघांनाही ओसरीचे खांब दिसले, वाकडे.

पाचव्या रविवारी प्लँचेट. आत्मे रात्री येतात असं पुस्तकात होतं, पण बाईंनी बजावलं की चहा चार वाजता होईल, ज्यांना यायचं त्यांनी तेव्हा यावं. पाटावर एका कोपऱ्यात 'होय', दुसऱ्या कोपऱ्यात 'नाही' असं खडूने लिहिलं. मधे पितळेची वाटी उपडी ठेवली. चौघांनी एकेक बोट टेकवलं.

"कोणाला बोलवायचं?" मास्तरांनी विचारलं.

कारकून म्हणाला, "यांचे मेहुणे लष्करात बेपत्ता आहेत. त्यांनाच बोलवा की."

तेव्हाच मी बोट काढून घ्यायला हवं होतं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राजगडाखालच्या पालीचे. ब्रह्मदेशाकडे गेले आणि पत्रं बंद झाली. मग सरकारी कागद आला: बेपत्ता. आक्का आमच्याकडे उत्रोलीला राहायला आली. रोज सकाळी आरशासमोर ती इतकं ठळक कुंकू लावायची, की बघणाऱ्याने विचारायचंच थांबावं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो, कारण वर्गात प्रथमच माझ्या घरच्या कोणाला मान मिळत होता. त्याची मला आजही लाज वाटते.

मास्तरांनी दाजींचं नाव तीनदा घेतलं. "आपण आला आहात का?"

वाटी थरथरली आणि सावकाश 'होय'वर गेली.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दुःखद आहे. पण शास्त्र स्पष्ट आहे. फक्त मृतच येतात. ज्या अर्थी आले, त्या अर्थी गेले." पत्त्यांत मृत्यूला त्यांनी जी सवलत दिली होती, ती वाटीला दिली नाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कारकून सायकलवाला होता. आमच्या वडिलांचा देवऋष्यावर विश्वास नव्हता, पण हेडमास्तरांवर होता. देवऋषी काय, आपल्यासारखाच. हेडमास्तर इंग्रजी वाचणारे. चार दिवसांत पालीहून आक्काचे सासरे आले. माणूस वाईट नव्हता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत त्यांना माहीत होती. आमच्या शास्त्राने ती बारा वर्षं एका दुपारीत उरकली होती.

"दर्भाचा पुतळा करू न् अग्नी देऊ," ते म्हणाले. "पोराला पानी तरी मिळंल. तितं कुठं तहानलेला फिरत आसंल." आणि ते रडले. सोमवारी विधी ठरला. म्हणजे सोमवारी आक्काचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं.

आक्का रडली नाही. "मामंजी, तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली. "पन आदी मला एकदा तितं बसवा. माज्या डोळ्यांनी बगू द्या."

रविवारी दुपारी ती सासऱ्यांना घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आली. बाई माणूस वर्गात आल्याने मास्तर जरा गडबडले, पण शंकानिरसन हा शिक्षकाचा धर्म होता.

"गुरुजी, हितं मेलेलीच मानसं येत्यात?"

"फक्त मेलेलीच."

"जित्ता मानूस कदीच न्हाई?"

"शक्यच नाही. तसं झालं तर सगळं शास्त्रच खोटं."

"मंग तुमास्नीच बोलवा."

मास्तर हसले. "अहो, मी तर इथे बसलोय."

"मंग हलनार न्हाई वाटी. मामंजींची खातरी व्हईल. कराच."

नाही म्हणायला मास्तरांना कारण सापडेना. आम्ही चौघांनी बोटं टेकली. आक्का बोट न टेकता माझ्या मागे उभी राहिली. कारकुनाने खाकरून मास्तरांचं नाव तीनदा घेतलं. "आपण आला आहात का?"

वाटी जागची हलेना. मास्तरांचा चेहरा खुलू लागला. मग वाटी निघाली आणि सरळ 'होय'वर जाऊन थांबली.

तेवढ्यात मास्तरांच्या बाई चहा घेऊन बाहेर आल्या. आक्का त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने.

"बाई, तुमचं मालक आलं वाटीत. तुमी कुकू कवा पुसताय?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आमच्या पाटाकडे, आणि चहा न देताच वाटी उचलून आत नेली. आमच्या वर्गाचं विसर्जन असं झालं.

सासरे जोत्यावरून उतरले, पागोटं सारखं केलं. "सूनबाई, बारा वर्सं तर बारा वर्सं," म्हणाले आणि पालीच्या वाटेला लागले.

दाजी परत आले नाहीत. बारा वर्षं झाली, सासरेही गेले, तरी आक्काच्या कपाळाबद्दल बोलायची कोणाची छाती झाली नाही. ती गेली तीही कुंकू लावूनच. ती जिंकली असं मला कधी म्हणवलं नाही. वाट पाहणं तिच्या हातात राहिलं, एवढंच.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. उत्रोलीच्या रस्त्याने आम्ही दोघं चालत होतो. खाचरांत भात पोटरीला आलं होतं. मी मनातल्या मनात खूश होतो, कारण वाटी मी ढकलली होती. पाच रविवारांत शिकलेली विद्या पहिल्यांदाच कामाला आली होती.

आक्का पुढे बघतच म्हणाली, "लई जोरात ढकललीस रं. वाईच हळू ढकलायची."

मी हसलो. ती हसली नाही.

"आन् मागच्या रविवारी?"

मी आठवून पाहिलं. बोट टेकलेलं आठवत होतं, आणि वाटी 'होय'कडे निघाल्यावर झालेला आनंद आठवत होता. आक्का पदर सारखा करून पुढे झाली. घर येईपर्यंत मी तिच्या मागूनच चाललो.