पोच आल्यावरची रेघ

अण्णांच्या सायबर कॅफेत संगणक सहा होते आणि दगडी पाटी एक. अण्णांचा विश्वास पाटीवर होता.

राजारामपुरीत त्यांनी कॅफे काढला तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. त्याआधी सगळा जन्म गुळाच्या व्यापारात गेलेला. मोठी फाईल पाठवताना टेलिफोनची लाईन मध्येच तुटायची आणि इतरांकडे सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. अण्णा फाईलचे तुकडे करत आणि एकेक तुकडा वेगळ्या मेलने पाठवत. मला म्हणत, "तीस किलोचा गुळाचा रवा एका हातानं कोण उचलतंय व्हय सर? फोडायचा की!" लाईन तुटली तरी तेवढाच तुकडा परत जाई.

गिऱ्हाइकानं पडद्याकडे टक लावून बसलेलं त्यांना खपत नसे. "बघत बसलं म्हणून लवकर जातंय व्हय? जावा, चहा पिऊन या." मग फाईल पाठवण्याची खिडकी पडद्याच्या तळाशी दाबून ते त्याच संगणकावर दुसऱ्याला बसवत. पुढे कुणाचा परीक्षेचा निकाल, मागे आपली फाईल मुंगीच्या पावलांनी चाललेली.

तुकडा पोचला की पाटीवर एक रेघ. पण पलीकडच्या माणसानं 'मिळालं' असं कळवल्यावरच. परदेशातली शिकलेली मंडळी वैतागत. प्रत्येक तुकड्याला उत्तर काय द्यायचं? अण्णा बधत नसत. "गाडी नाक्याभाईर गेली म्हंजे माल पोचला न्हवं. पोच आल्याबिगर रेघ न्हाय." गुळाच्या पेठेतला हा नियम त्यांनी इंटरनेटला लावला होता.

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, मणक्याचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. डावा पाय फरफटू लागला होता आणि उशीर करू नका असं डॉक्टर बजावत होते. अप्पा मात्र हटून बसले. "बाळूनं बघितल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाय." बाळू म्हणजे माझा चुलतभाऊ, लंडनला सर्जन. मणक्याच्या फिल्म स्कॅन करून मी अण्णांकडे नेल्या. बावीस तुकडे झाले.

बुधवारी दुपारी अण्णा घरी गेले. इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय ते जेवत नसत. पाटी माझ्याकडे होती. सतराव्या तुकड्याची पट्टी शेवटापर्यंत भरलेली दिसली आणि मी, पेशानं ग्रंथपाल, शिस्तशीर माणूस, उत्साहात रेघ ओढून मोकळा झालो. अण्णा आले, पाटी बघून अठराव्यापासून पुढे लागले.

गुरुवारी सकाळी बाळूचा मेल आला: फाईल उघडत नाही. घरी अप्पांनी दवाखान्याची पिशवी पुन्हा रिकामी करायला घेतली होती. मी धावत कॅफेत गेलो आणि सगळे बावीस तुकडे पुन्हा पाठवूया म्हणालो. अण्णांनी आधी आलेल्या पोचा मोजल्या. एकवीस. मग पाटी उजेडात धरली.

"ही रेघ माझी न्हाय. माझी तिरकी असती."

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. "सर, तुमच्या लायब्ररीतनं पुस्तक कुणी घरी नेलं, म्हंजे वाचलं असं धरता व्हय?"

त्यांनी माझी रेघ बोटानं पुसली आणि फक्त सतरावा तुकडा पाठवला. दुपारी पोच आली. चारला बाळूचा फोन: "काकांना सांग, थांबू नका, करून घ्या." अप्पांनी मुकाट्यानं पिशवी भरली.

दोन महिन्यांनी अप्पा काठी टेकत स्वतः माझ्याबरोबर कॅफेत आले. "कुठला रवा अडकलता ओ?" अण्णांनी हसत माझ्याकडे बोट केलं.

पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि कॅफे बंद झाला. मी पुण्याला बदलून गेलो तेव्हा अण्णांनी ती पाटी मला दिली. "तुमाला जास्त गरज हाय." माझ्या लांबलचक मेलना त्यांचं उत्तर एकाच शब्दाचं असे: 'पोच.' मी त्यावरून त्यांना चिडवायचो.

शेवटच्या मेलमध्ये मी अप्पांचा फोटो पाठवला होता, रंकाळ्यावर फिरताना, काठीशिवाय. अण्णा दवाखान्यात आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आठवड्यानं त्यांच्या मुलाचा फोन आला: अण्णा गेले. फोटो त्यांनी पाहिला का, हे त्यालाही सांगता येईना.

मेल गेला आहे, असं माझा संगणक सांगतो. पाटी टेबलावर आहे, खडूही आहे. ती रेघ मी ओढलेली नाही.