चार मोकळ्या जागा

वाकडी गोष्ट दिसली आणि माझ्या मेहुण्यानं ती सरळ केली नाही, असं आजवर घडलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी हा अख्ख्या रांगेच्या पत्रावळ्या एका रेषेत लावायचा आणि वाढपी भात घेऊन ताटकळत उभे. वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो, तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचे ग्लासही यानं सारखे केले. पुसेगावच्या शेतकरी घरातल्या पोराला ही खोड लागली कुठून, याचं मला भारी कुतूहल होतं.

दोन हजार सालानंतर मी, तो आणि माझा कळमनुरीचा एक मित्र, अशा तिघांनी हिंगोलीत वेबसाइट बनवायचं दुकान थाटलं. एका ट्रॅव्हल्सवाल्यासाठी सीट बुकिंगचं पान जावास्क्रिप्टमध्ये लिहीत होतो. मी कंस ओळीच्या शेवटी उघडायचो, मित्र खालच्या ओळीवर. ओळीआधी मी दोन मोकळ्या जागा सोडायचो, तो चार; अर्धविराम तर मी लहर आली तरच द्यायचो. सकाळी मित्र माझी फाइल आपल्या रीतीनं लावायचा, दुपारी मी ती परत फिरवायचो आणि पान जिथल्या तिथं. शेवटी मित्र म्हणाला, "तुमचं तुमी बघा, मी चाललो." दुकान मोडणार हे मला दिसत होतं, पण माघार कोण घेणार?

मेहुण्यानं दोघांना समोर बसवलं. "दाजी, आमच्या वावरात पेरणारा एक अन् कोळपणारा दुसरा. पेरणीची वळ वाकडी असली की कोळपं तणासंगं पीकबी कापतं. सरळ पेरायचं ते मागून येणाऱ्यासाठी." कुतूहलाचं उत्तर असं आयतंच मिळालं. मग ठरलं, कंस माझ्यासारखा, जागा मित्रासारख्या चार, अर्धविराम सक्तीचा. मेहुण्याला स्वतःला जागांऐवजी टॅबची कळ दाबायची सवय होती. "माझा टॅब गेला तेल लावत," म्हणाला. इंटरनेटवरून चुका हुडकणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून, त्यात आमचे नियम घालून त्यानं तो तिन्ही कॉम्प्युटरांवर बसवला. त्यात पास झाल्याशिवाय कुणाचीच फाइल एकत्र करायची नाही. पहिल्याच दिवशी नापास झाली ती त्याचीच. "बराबर हाय," म्हणत तो मुकाट्यानं एकेक ओळ दुरुस्त करत बसला. ते पाहून मीही माझ्या फाइलीतले राहिलेले अर्धविराम भरायला बसलो. मित्र राहिला आणि पानही वेळेत झालं.

पुढं मेहुणा नोकरीला बंगळुरूला गेला. पहिल्या भाऊबीजेला त्याला सुट्टी मिळाली नाही. ओवाळणीचं ताट घरी तसंच झाकून ठेवून बायको दुकानात आली आणि म्हणाली, "ह्यात आमच्या भावानं लिवलेलं कोणतं हाय? दाखवा बरं."

मी सीट बुकिंगचं ते पान उघडून वरपासून खालपर्यंत धुंडाळलं. सगळ्या ओळी सारख्या. माझी कुठली, मित्राची कुठली, त्याची कुठली, काही केल्या ओळखू येईना. त्या क्षणी मला त्याची फार आठवण आली. मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही."

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.